पाचवी खुर्ची

माझी बायको गेल्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा तिचं मंडळ घरी आलं आणि तिचं कापड मागू लागलं.

मंडळ म्हणजे सात बायका. दर गुरुवारी तीन ते पाच या वेळात त्या आमच्या बाहेरच्या खोलीत बसायच्या. एकीने कादंबरी मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी मॅटीच्या कापडावर क्रॉस-स्टिच करायचं, म्हणजे घरं मोजून फुल्या फुल्या भरायच्या. नियम दोनच. वाचणारीने टाके घालायचे नाहीत आणि टाके घालणारीने बोलायचं नाही. पहिला नियम सगळ्या पाळायच्या. दुसऱ्यामुळे एक कादंबरी संपायला दीड वर्ष लागायचं. नायिका दारात येऊन उभी राहिली की कोणाच्या तरी सुनेचा विषय निघायचा, आणि नायिका पुढच्या गुरुवारपर्यंत दारातच.

मंडळाच्या प्रमुख मोठ्या बाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली, पण सवय सुटली नाही. त्या मला कधी नावाने किंवा नात्याने हाक मारत नाहीत. लिफ्टवाले म्हणतात. मी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

"लिफ्टवाले," त्या म्हणाल्या, "तिचं ते कुटुंबाचं चित्र अर्धवट राहिलंय. आम्ही पूर्ण करू आणि मंडळाच्या प्रदर्शनात लावू. खाली पाटी लावू, 'अपूर्ण'."

"पूर्ण करून अपूर्ण पाटी?"

"भावना समजून घ्या."

मी म्हणालो, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या बाईंना नव्हतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता ते चित्र काय होतं ते सांगतो. जेवणाचं टेबल आणि पाच खुर्च्या. नमुना विकत आणलेला नव्हता. हिने स्वतः ग्राफ पेपरावर घरं रंगवून काढला होता. एका खुर्चीवर ही स्वतः, हातात वाढायचा चमचा. एका खुर्चीवर मुलगा, मान खाली, तोंडावर फोनचा निळा उजेड. सून खांद्याला पर्स लावून बसलेली, अर्धी खुर्चीबाहेर. चौथी माझी मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, जी दर रविवारी आमच्याकडे जेवते आणि जेवताना साहित्यावर बोलते. तिच्या हातात पुस्तक होतं. मिटलेलं.

तिघांचीही चित्राबद्दल एकच तक्रार, की नाक बरोबर आलेलं नाही. फोनबद्दल, पर्सबद्दल आणि मिटलेल्या पुस्तकाबद्दल कोणी बोललं नाही. ही गालातल्या गालात हसायची आणि भाजी वाढायची.

पाचवी खुर्ची माझी. ती रिकामी होती. नुसती पाठ आणि हातांच्या दोन फळ्या. खुर्चीसमोर टेबलावर एक राखाडी गोल ढिगारा भरलेला होता. तो कशाचा, ते कोणालाच कळत नव्हतं. मुलगा म्हणायचा दिव्याची शेड आहे. मेहुणी म्हणायची कासव. मी नीट विचार केला आणि ठरवलं की ते माझं कामावरचं हेल्मेट आहे. नवरा भरायचा राहिला, पण नवऱ्याचं हेल्मेट तरी भरून झालं.

निवृत्त झाल्यावर एकदा मी तिला विचारलं होतं, "माझा नंबर कधी लागणार?"

"तुमची जागा ठेवलीय की," ती म्हणाली.

मला बरं वाटलं होतं. तेवढ्यात फोन आला आणि मी गेलो. निवृत्त झालो तरी जुन्या इमारतींमधले लोक मलाच बोलवायचे. लिफ्टचं एक असतं, ती जेवणाच्या वेळेलाच अडकते. माणसं कामावरून घरी येतात, सगळी एकदम आत घुसतात आणि वजन जास्त होतं. माझ्या धंद्याची वेळ आणि माझ्या ताटाची वेळ एकच होती. यात माझा काय दोष, असं मी छत्तीस वर्षं म्हणत आलो.

मंडळ गेल्यावर मी ते कापड रिंगसकट माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला एकच गोष्ट हवी होती. तिने मला कसा काढला होता, ते बघायचं होतं. इतरांना तिने जसे होते तसे पकडले होते. मला कसा पकडला? हसताना की चिडताना? माझं टक्कल भरणार होती का? हे फक्त तिच्या कागदावर कळणार होतं, आणि कागद सापडत नव्हता.

हिची एक खोड होती. नमुन्याचा कागद ती घडी करून वाचत असलेल्या कादंबरीत ठेवायची. एक ओळ भरायची, दोन पानं वाचायची. कादंबरीतली खूण म्हणजे नमुना आणि नमुन्याची जागा म्हणजे कादंबरी. तेव्हा मी कादंबऱ्या झाडायला बसलो. दोनशे अकरा निघाल्या. पाठीला धरून उलटी करायची आणि हलवायची. त्यातून पडलं ते असं: केसांच्या सहा पिना, विजेचं एक जुनं बिल, माझ्या मुलाचं चौथीचं प्रगतिपुस्तक जे तो हरवलं म्हणून सांगत होता, आणि माझं एक पत्र. लग्न ठरल्यावर लिहिलेलं. त्यात मी हवामानाबद्दल लिहिलं होतं. ते पत्र मी परत त्याच कादंबरीत ठेवलं. लाज वाटली.

कागद नव्हता. एक कादंबरीही नव्हती. निळ्या पुठ्ठ्याची, सहाशे चाळीस पानांची, गिरणीवरून भांडणाऱ्या दोन भावांची. हिची सगळ्यात आवडती. शेवटची दोन वर्षं ही तीच परत परत वाचत होती.

रविवारी मेहुणी जेवायला आली तेव्हा मी विचारलं.

"माझ्याकडे आहे, भाऊजी. ताईनेच दिली होती, दवाखान्यात जायच्या आधी. दोनदा वाचली मी. मोठा भाऊ मरतो ना, तिथे मी इतकी रडले की चष्मा काढून ठेवावा लागला."

"आत एक कागद होता का? चौकटीचा, घडी घातलेला?"

"दोनदा वाचली म्हणतेय ना मी. कागद असता तर दिसला नसता का?"

मुद्दा बरोबर होता. मी तो विषय सोडला.

मग दोन महिने मोठ्या बाईंचे फोन. त्यांनी माझं काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. कोट, टाय, आणि हसरा चेहरा.

"मी आयुष्यात टाय लावला नाही," मी म्हणालो. "टाय लावून लिफ्टच्या मोटरजवळ गेलो तर मुंडी आत जाईल."

"चित्र आहे ते, लिफ्टवाले. चित्रात माणूस बरा दिसावा."

"ही नव्हती असं मानत."

"म्हणूनच तर अर्धवट राहिलं."

या वाक्यानंतर मी फोन ठेवला आणि सुनेला हाक मारली. "मला टाके शिकव."

सून दारात उभी होती, पर्स खांद्याला. "बाबा, मला कुठे येतं? फोनवर बघा की, सगळं असतं." आणि ती गेली.

मी फोनवर बघून शिकलो. एका मुलीचे नुसते हात दिसत होते, ते दिवसभर न थकता फुल्या घालत होते. पहिला आठवडा मी बोटं भरली. कापडापेक्षा बोटांत जास्त टाके गेले. ज्या हातांनी मी लिफ्टचे दोर बदलले, त्या हातांना सुईत दोरा ओवायला पाव तास लागायचा. मुलगा ऑफिसातून आला की बघायचा आणि म्हणायचा, "जमतंय का?" आणि उत्तर यायच्या आत फोन बघायचा. तेवढंच बरं. उत्तर ऐकण्यासारखं नव्हतं.

पण हळूहळू मला त्यात मजा यायला लागली, हे कबूल करतो. एक घर, एक फुली. दुसरं घर, दुसरी फुली. चुकलं तर उसवायचं. लिफ्टमध्ये चुकलं तर उसवता येत नाही. दुपारी मी खिडकीजवळ तिच्या खुर्चीत बसायचो, आणि पलीकडच्या बाल्कनीतली म्हातारी मला बघून आपल्या मुलीला बोलवून दाखवायची. मी हात हलवायचो.

मी स्वतःला भरलं. निळा शर्ट, सरळ पाठ, हात टेबलावर त्या हेल्मेटशेजारी. तोंड थोडं हसरं. फार नाही, पाच फुल्या. टक्कल निम्मं केलं. सात आठवडे लागले. प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते तेव्हा मी मोठ्या बाईंना, मेहुणीला, सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की चित्राशेजारी हिची आवडती कादंबरी ठेवायची आहे, तेव्हा मेहुणीने ती निळी घेऊन यावं.

मी कापड टेबलावर पसरलं.

मुलगा म्हणाला, "अरे वा." त्याने फोन खाली ठेवला, उलटा. ही त्याची मोठी दाद.

सून म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्यापेक्षा बारीक दिसताय."

मोठ्या बाईंनी चष्मा चढवला, कापड उचललं, दिव्याकडे तिरकं धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"फुल्या उलट्या आहेत."

"फुली उलटी कशी असेल? दोन्हीकडून सारखीच असते."

"हे बघा. फुलीला दोन पाय. खालचा आणि वरचा. तिचे सगळे वरचे पाय उजवीकडे झुकतात, पहिल्या फुलीपासून शेवटच्या फुलीपर्यंत. तुमचे डावीकडे. उजेड पडला की तुम्ही वेगळे चमकता. चौघं एका घरातले आणि तुम्ही दुसऱ्या घरातून आलेले."

मी कापड दिव्याकडे धरून बघितलं. त्या खरं बोलत होत्या. मी टेबलावर पाहुण्यासारखा बसलो होतो.

"उसवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आम्ही चार दिवसांत नीट भरून देतो. कोट राहू दे, शर्टच भरू."

"उसवणार नाही."

"तिचं काम खराब होतंय."

"तिचं काम आहे, माझं तोंड आहे."

मेहुणीला वाटलं वातावरण बदलावं, म्हणून तिने पिशवीतून निळी कादंबरी काढली. "ही घ्या ताईची लाडकी. सांभाळून हं, मोठा भाऊ मरतो ते पान अजून ओलं असेल." आणि तिने पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी ते उघडलं. उघडलं म्हणण्यापेक्षा ते एका जागी आपोआप उघडलं, पान अठ्ठावीस आणि एकोणतीस. मध्ये ग्राफ पेपर होता. चार घड्या घातलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे काख मेहुणीची होती.

"हा कुठून आला?" मेहुणी म्हणाली.

"पान एकोणतीसवरून," मी म्हणालो.

"दुसऱ्यांदा वाचताना कोणीतरी ठेवला असेल," मुलगा म्हणाला. तो हसला नाही. हा गुण त्याच्या आईचा.

मी कागद उलगडला. सुनेने दोन टोकं धरली. तिने पर्स काढून खाली ठेवली होती, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

हिचं बारीक अक्षर. एक, मी. दोन, मुलगा, फोनसकट. तीन, सूनबाई, निघालेली. चार, धाकटी, पुस्तक मिटलेलं. मेहुणीने ती ओळ वाचली आणि पाणी प्यायली.

पाचव्या खुर्चीच्या घरांत रंग नव्हता. बाजूला लिहिलं होतं: 'पाच, हे. खुर्ची रिकामी. समोर ताट, ताटावर ताट झाकलेलं, राखाडी.' आणि सगळ्यात खाली, 'संपलं', आणि तारीख. तारीख मी निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षातली. ती आजारी पडायच्या दीड वर्ष आधीची.

म्हणजे ते अर्धवट नव्हतंच. दीड वर्ष ते पूर्ण होऊन रिंगमध्ये पडलं होतं, आणि मी रोज त्याच्यावरून ये-जा करत होतो. शेवटची दोन वर्षं ती त्या कादंबरीत जो कागद बाळगत होती, तो भरण्यासाठी नव्हताच. नुसती खूण होती.

"म्हणजे ते हेल्मेट नव्हतं," मेहुणी म्हणाली. ती गप्प राहील तर शपथ.

नव्हतं. ते झाकलेलं ताट होतं. मी दार उघडलं की ही आतून ओरडायची, "झाकून ठेवलंय." छत्तीस वर्षं मी रात्रीचं जेवण म्हणून जे जेवलो ते झाकण काढून जेवलो. तिला कधी विचारलं नाही, की तू जेवलीस का. ती जेवलेली असायची. चौघं जेवलेली असायची. चित्रात दिसतंय की.

मला कसा पकडला ते बघायचं होतं मला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. मग त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा मऊ आवाज मी आधी ऐकला नव्हता, "राहू द्या हो. आहे तसंच राहू द्या. उलट्या फुलीचे का होईना, बसलात ना तुम्ही. लोकांना काही कळत नाही."

"तुम्हाला कळलं."

"मी काही बोलणार नाही."

हे त्यांना जमलं नसतं, पण बोलल्या ते खरं मनापासून बोलल्या. मी कापड घेऊन आत गेलो.

तिची छोटी कात्री होती, टोकदार, मंडळातल्या कोणालाही ती हात लावू द्यायची नाही. त्या कात्रीने मी उसवायला बसलो. पहिल्यांदा तोंडाच्या पाच फुल्या काढल्या. मग टक्कल, मग शर्ट. भरायला सात आठवडे लागले होते, काढायला दोन दिवस. मुलगा एकदा शेजारी येऊन बसला आणि कापलेले दोरे वेचायला लागला. फोन आणला नव्हता. खुर्चीच्या हाताजवळ माझा एक टाका तिच्या टाक्यात अडकला होता, तिथे आम्ही भिंग घेऊन दहा मिनिटं मान मोडली. तिचा टाका वाचला.

मी गेलो, पण पूर्ण गेलो नाही. शर्टाच्या निळ्या दोऱ्याने रंग सोडला होता. रिकाम्या खुर्चीत कापडावर फिकट निळी झाक राहिली. मुलगा म्हणाला धुवून बघू. मी म्हणालो, नको.

प्रदर्शन एका तीन मजली इमारतीत होतं, हॉल तिसऱ्या मजल्यावर. मी सकाळी लवकर जिन्याने गेलो आणि चित्राखालची 'अपूर्ण' पाटी काढून खिशात घातली. दुसरी लावली नाही. समोर एक खुर्ची ओढली आणि बसलो. बायका येत होत्या, चष्मे वर करून जवळ जात होत्या. एक म्हणाली, "या खुर्चीवर कोणीतरी बसून गेल्यासारखं वाटतं." तिच्या मैत्रिणीने सांगितलं, "डाग आहे तो."

उद्घाटन अकराला होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी खालून घंटी वाजायला लागली. ती घंटी मी झोपेतही ओळखतो. मुलगा धावत जिन्याने वर आला.

"बाबा, लिफ्ट अडकली. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. मोठ्या बाई आणि मावशी आत आहेत. उद्घाटन खोळंबलंय."

हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. कोण लिफ्टवाला आहे ते मोठ्या बाईंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. माझा एक पाय सवयीने खुर्चीखालून निघाला.

"आत दिवा आहे?" मी विचारलं.

"आहे."

"पंखा?"

"चालू आहे. मोठ्या बाईंचा आवाज पण चालू आहे."

"मग काही होत नाही. दारावर लिफ्ट कंपनीचा नंबर लिहिलेला असेल, त्याला फोन कर. तासाभरात येईल."

"बाबा, तुम्ही पाच मिनिटांत काढाल."

"काढीन," मी म्हणालो. "पण मी बसलोय."

मुलाने माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे बघितलं. मग तो फोन लावत खाली गेला. जिन्यातून त्याचा आवाज आला, "मावशी, तासभर लागेल. बाबा बसलेत." आणि आतून मोठ्या बाई काहीतरी ओरडल्या, ते मला नीट कळलं नाही, पण त्यात लिफ्टवाले हा शब्द तीनदा होता.

ती निळी कादंबरी मी शेवटची पानं वाचून मेहुणीला परत दिली होती, आणि चित्राशेजारी ठेवायला तीच आणत होती. तेव्हा ती आतच होती, सहाशे चाळीस पानांसकट.

कंपनीचा माणूस दीड तासाने आला. दोघी बाहेर आल्या तेव्हा मी खुर्चीतच होतो. मोठ्या बाई माझ्याशी न बोलता रिबिनीकडे गेल्या. मेहुणी थेट माझ्यापाशी आली. पुस्तकात बोट घातलेलं होतं, आणि पुस्तक चांगलंच पुढे उघडलेलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "ऐंशी पानं झाली. यात अजून मोठा भाऊ आजारीसुद्धा पडलेला नाही."

"मरत नाही तो," मी म्हणालो. "शेवटी तिसरं लग्न करतो."

मग तिने शेजारची खुर्ची ओढली आणि बसून पुढे वाचायला लागली.